खान नदी आणि इंदूरचा मैला

इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांना कृष्णपुऱ्याच्या छत्र्या परिचित आहेत. महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांची ही स्मारके खान नदीच्या काठी उभी आहेत. नदीकाठ पवित्र मानूनच राजघराण्याने ही जागा निवडली असणार. त्याच खानेला (आता तिला कान्ह म्हणण्याचा प्रघात पडला आहे) शहराने पुढे नाल्याची कळा का आणली, याचा विचार येथे करू.

इंदूरला कोणी सावध केले नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून आलेल्या पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली नगररचनेचा द्विखंडी अहवाल सादर केला. मैला व कचरा दूर लोटण्याची वस्तू नसून बागांचे खाद्य आहे, हा त्यांचा आग्रह होता. प्लेगाच्या त्या काळात दिवाळीची मिरवणूक स्वच्छ केलेल्या रस्त्यांवरूनच नेण्याची युक्ती त्यांनी योजली. लोकांच्या उत्सवप्रियतेला त्यांनी असे आरोग्याच्या कामी लावले.

पुढे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी येथील वनस्पती उद्योग संस्थेत पालापाचोळा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१च्या त्यांच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. वाड यांनी जॅक्सन यांच्यासह १९३४ मध्ये हीच पद्धत मानवी वस्तीतील मैल्याला लावून दाखविली. मातीतून आलेले मातीस परत द्यावे, हा विचार या शहरात प्रयोगाने सिद्ध झाला होता.

शहर मात्र वेगळ्या वाटेने गेले. १९७०च्या जनआंदोलनानंतर १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून इंदुरात आले. ती तहानलेल्या शहराची न्याय्य मागणी होती; तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण घरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. नर्मदा घरोघरी पोहोचली, आणि तिचे सांडपाणी वाहून नेण्याचे काम खान व सरस्वती या लहानशा नद्यांच्या माथी आले. पाणी आणण्याची जी तातडी होती, ती ते शुद्ध करून सोडण्याची राहिली नाही.

पुढे कबीटखेडी येथे प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. अशा केंद्रात आधी जड गाळ तळाशी बसतो, मग सूक्ष्म जीव घाण खाऊन पाणी निवळते. वाड यांच्या खड्ड्यातही सूक्ष्म जीवच राबत होते. फरक एवढाच की तेथे सारा माल मातीस मिळे, येथे नत्र व स्फुरद यांचा बराच भाग पाण्यासोबत नदीत जाऊ शकतो.

खान उज्जैनजवळ त्रिवेणीवर क्षिप्रेस मिळते. २०१६च्या सिंहस्थासाठी तिचे पाणी स्नानघाटांना वळसा घालून बंद वाहिनीतून पुढे नेण्यात आले. भाविकांची सोय झाली. परंतु नदी वळविणे म्हणजे नदी शुद्ध करणे नव्हे. २०२१ मध्ये इंदूर देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. हा मान आनंदाचा खरा, तथापि नदीची परीक्षा प्रमाणपत्राने होत नाही. शहराच्या खालच्या अंगाचे गाव ते पाणी निःशंकपणे वापरू शकते काय, यावर ती होते.

२०२८च्या सिंहस्थाचे वेध लागले आहेत. शुद्ध केलेले पाणी बागा व शेतांना आणि गाळ खताला, हा हिशेब गेडिस आणि वाड यांनी याच गावात मांडून ठेवला आहे. पूर्वजांच्या छत्र्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपण तो हिशेब नगरपालिकेकडे मागावयास हवा, आणि आपल्या मोरीतून जाणारे पाणी कोठे पोहोचते, हेही स्वतःस विचारावयास हवे.