झेडपी, हायस्कूल, आश्रमशाळा की नवोदय? नाशिक जिल्ह्यातल्या पालकांनी शाळा कशी पारखायची

नाशिक : जून जवळ आला की तालुक्याच्या गावात पिवळ्या बसगाड्यांचे बोर्ड झळकायला लागतात. शेजाऱ्याचं पोरगं टाय लावून गेलं, मग आपलं का नको, असा विचार घरोघरी होतो. पण सरकारी आणि अनुदानित शाळा नीट तपासून न पाहताच फी भरणारे पालक कमी नाहीत. या शाळांमध्ये फरक कुठे असतो आणि तो कसा ओळखायचा, त्याची ही माहिती.

पहिली ते चौथीपर्यंत गावात बहुतेक जिल्हा परिषदेचीच शाळा असते. पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण शाळेत. पोषण आहाराचं प्रमाण पहिली ते पाचवीला दर मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. खरा प्रश्न शिक्षकांचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक हवेत. म्हणजे दोन गुरुजी चार-पाच वर्ग सांभाळतात. त्यातला एक मीटिंगला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की एकावरच सगळं. म्हणून इमारतीचा रंग बघण्याआधी शिक्षक किती, आणि त्यातले रोज वर्गावर किती, एवढं विचारून घ्यावं.

शाळा झेडपीची आहे म्हणून कच्चीच असेल असं नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीच्या शाळेचं नाव राज्यभर गेलं ते वर्षभर, सुट्टी न घेता चालणारी शाळा म्हणून. तिथली मुलं दोन्ही हातांनी लिहितात. उलट बाजूही याच जिल्ह्यात आहे. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा पट कमी म्हणून बंद झाली, तेव्हा २०२२ मध्ये तिथली मुलं शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर धडकली. दप्तर परत घ्या आणि शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत हवी, असं नियम सांगतो. डोंगरातला एक किलोमीटर पावसाळ्यात केवढा होतो, हे नियमात लिहिलेलं नाही. पट घसरला की शाळेवर गदा येते, आणि पट घसरतो तो गावातलीच पोरं बाहेर गेल्यावर, हेही पालकांनी ध्यानात घ्यावं.

पाचवीला बहुतेक मुलं हायस्कूलला जातात. जिल्ह्यात १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाची आणि इतर संस्थांची अनुदानित हायस्कूलं तालुक्यातालुक्यात आहेत. तिथल्या मंजूर शिक्षकांचा पगार सरकार देतं. इथे प्रयोगशाळा उघडली जाते का, गणित-विज्ञानाला त्या विषयाचा शिक्षक आहे का, आणि एका तुकडीत किती मुलं बसतात, हे बघावं. फक्त दहावीचा निकाल बघून फसगत होते, कारण नववीत किती मुलं गळाली ते निकालात दिसत नाही. म्हणून नववीचा आणि दहावीचा पट शेजारी ठेवून बघा.

पैशाचीही एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. आठवीत होणाऱ्या एनएमएमएस परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. पण ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलं की ही संधी जाते. शाळेतून आजवर किती मुलं यात लागली, हे मुख्याध्यापकांना विचारायला लाजू नये. शिष्यवृत्ती परीक्षेचंही तसंच. ती बरीच वर्षं पाचवी-आठवीला होती, २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं. शाळेची तयारी त्याप्रमाणे चालू आहे का, ते पाहा.

सुरगाणा, पेठ, कळवण भागात आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. राहणं, जेवण, शिक्षण मोफत. आयुक्तालय नाशिकलाच, प्रकल्प कार्यालयं नाशिक आणि कळवणला. इथे वर्गाइतकंच वसतिगृह बघावं लागतं. मुलींच्या खोल्यांना आतून कडी आहे का, रात्री अधीक्षिका हजर असतात का, आजारी पोरीला दवाखान्यात कोण नेतं? भेटीला जाताना न सांगता गेलेलं बरं.

दिंडोरी तालुक्यातल्या खेडगावचं जवाहर नवोदय विद्यालय वेगळ्या तऱ्हेचं. सहावीला प्रवेश, परीक्षा पाचवीत असताना, आणि तीही एकदाच देता येते. वर्षाला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना, पण तिसरी, चौथी आणि पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली हवी. नवोदय डोक्यात असेल तर पोराला तिसरीतच शहरात पाठवणं महागात पडतं.

शाळा पारखायची सगळ्यात सोपी रीत घरीच आहे. त्या शाळेत तिसरी-चौथीला असलेल्या शेजारच्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या आणि हातच्याची एक वजाबाकी घाला. दहा मिनिटांत बरंच कळतं. बाकी कागदावरची माहिती, म्हणजे पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृह, शाळेच्या यू-डायस नंबरवरून मोबाईलवर पाहता येते. कागदावरचं स्वच्छतागृह कुलूपबंद तर नाही, ते मात्र जाऊनच बघावं लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, त्यामुळे चौकशी करण्याचा हक्क आहेच.

द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी, निफाडकडे येणाऱ्या मजूर कुटुंबांनी निघताना मूळ शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. दाखला हाताशी नाही म्हणून आठवीपर्यंत कोणतीही सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. अडवलाच तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.