वळचणीचे पाणी आढ्याला

१८४३ च्या मे महिन्यात मिसूरी संस्थानातील इंडिपेन्डन्स या गावाहून सुमारे एक हजार माणसांचा जो तांडा ऑरेगॉनच्या वाटेने पश्चिमेकडे निघाला, त्याच्या गाड्यांच्या आसाखाली डांबराची बुधली टांगलेली असत. चिडाचे डांबर आणि जनावरांची चरबी यांचे ते मिश्रण मुळात वंगणासाठी. परंतु वाटेत एखादी नदी आडवी आली आणि उतार सापडेनासा झाला, म्हणजे डांबराने गाड्याच्या पेटीचे सांधे भरून काढीत, प्रसंगी चाकेही उतरवीत, आणि ज्या पेटीत बायकामुले व पिठाची पोती बसवून शेकडो मैलांचा मुलूख तुडविला, तीच पेटी पाण्यात लोटून तिची नाव करीत. सुमारे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशा त्या पेटीचे सर्वांत जोखमीचे स्थान छत नव्हे. छताचे तेलकट कापड गळले तर माणसे भिजत, इतकेच. तळाची फळी आणि बाजूची फळी जेथे एकमेकींस मिळतात तो सांधा उघडला, तर मात्र संसार बुडे.

यानंतर सत्त्याऐंशी वर्षांनी, १९३० च्या जानेवारीत, डेट्रॉइट येथील मोटार-प्रदर्शनात आर्थर शर्मन नावाच्या गृहस्थाने ‘कव्हर्ड वॅगन’ हे त्या गाड्यांचेच नाव देऊन एक ट्रेलर मांडला. शर्मन हे जंतुशास्त्रज्ञ आणि एका औषधी कंपनीचे अध्यक्ष. सुतारकामाशी त्यांचा संबंध यावा असे काही कारण नव्हते. ते कारण पावसाने पुरविले. आदल्या वर्षी पत्नी आणि पाच मुले यांसह ते उत्तर मिशिगनात मुक्कामाला गेले असता, पाच मिनिटांत उभा राहणारा म्हणून घेतलेला त्यांचा तंबूचा ट्रेलर काही केल्या उभा राहीना, आणि मध्येच कोसळलेल्या वादळी सरीने सारे कुटुंब चिंब झाले. परत आल्यावर त्यांनी सुतार लावून सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब अशी मॅसोनाइटच्या तक्त्यांची एक बंद पेटी चाकांवर चढवून घेतली. आणि चारशे डॉलर ही किंमत त्या मंदीच्या आरंभी थोडी नसतानाही प्रदर्शन संपेपर्यंत ११८ गाड्या विकल्या गेल्या.

ज्यांच्यापाशी चारशे डॉलर नव्हते त्यांनी करवत हाती घेतली. लॉस एंजेलिसच्या वॉली बायम यांनी ट्रेलरचे नकाशे पाच डॉलरांना विकण्याचा उद्योग आरंभिला, मासिके असे आराखडे हौसेने छापू लागली, आणि १९३६ साली रॉजर बॅब्सन या अर्थपंडिताने तर वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरात राहू लागेल असे भाकीत करून टाकले. ते खोटे ठरले, हे त्या निम्म्या अमेरिकेचे भाग्यच म्हणावयाचे. कारण परसदारी उभ्या राहिलेल्या या गाड्या पाण्यापुढे किती टिकणार, याचा विचार भाकीत करणारांनी केलेला दिसत नाही.

दोष कसबाचा नव्हता, समजुतीचा होता. घर बांधणारा सुतार पाणी वरून येते असे धरून चालतो. जोते उंच घेतले, छपराला उतार दिला आणि वळचण भिंतीपुढे काढली की त्याची चिंता संपते. पावसाळ्यापूर्वी कौले परतून घेणाऱ्या कोकणी गृहस्थाचाही हाच हिशेब असतो. ट्रेलरला जोते नाही. त्याच्या भिंतीवरून ओघळणारे पाणी खालच्या कडेशी येऊन थबकते, ओल्या सडकेवरचे पाणी चाके तळावर मारतात, आणि थंडीच्या रात्री आत निजलेल्या माणसांचा श्वास गार भिंतींवर दव होऊन त्याच कोपऱ्यात उतरतो. तिन्हींची गाठ जेथे पडते तो तळभिंतीचा सांधा. शिवाय तेथील फट जितकी बारीक तितकी ती पाणी अधिक ओढते; केशाकर्षणाच्या नियमाने ओल तक्त्याच्या उघड्या कडेतून वर चढते, आणि वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही ही आपली म्हण तेथे खोटी पडते.

साहित्यही या कामी फारसे अनुकूल नव्हते. विल्यम मेसन यांनी १९२४ साली मिसिसिपीतील लॉरेल येथे शोधून काढलेले मॅसोनाइट म्हणजे वाफेने फोडलेल्या लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत व कठीण, पण कड उघडी राहिली की ती पाणी पिऊन फुगणारी. प्लायवुडचे पापुद्रे दुधातील केसीनच्या किंवा सोयाबीनच्या सरसाने चिकटविलेले असत आणि ओलीने सुटत. वॉशिंग्टन संस्थानातील ॲबर्डीन येथे जेम्स नेव्हिन या रसायनज्ञाने १९३४ साली पुरता जलरोधक सरस सिद्ध केला, तेव्हा ती तक्रार मिटण्याचा मार्ग दिसला. मात्र तक्ता सुधारला म्हणून सांधा सुधारत नाही. सांध्यात भरावयाचा जिन्नस जुनाच, जवसाच्या तेलात खडूची पूड मळून केलेली लांबी, राहिला. खिडकीच्या काचेला ती उत्तम. खिडकी जागची हलत नाही. ताशी पन्नास मैलांनी धावणाऱ्या गाडीची चौकट मात्र प्रत्येक खड्ड्यागणिक पिळवटते, भिंत तळापासून केसभर दूर होते आणि परत येते. तेल सुकून टणक झालेल्या लांबीला हे सोसवत नाही, ती एका बाजूने सुटते, आणि पाण्याला बाहेर जाण्याची नव्हे, पण आत येण्याची वाट मिळते.

ही गोष्ट नावा बांधणारांस शतकानुशतके ठाऊक होती. तागाचे किंवा अंबाडीचे डांबरी पिंजण फळ्यांच्या फटींत ठोकून बसविणारा कारागीर हा त्यांच्यात स्वतंत्र पेशाचा मनुष्य असे. आपल्या देशातील बंदरांतून त्यास ‘कालापत्ती’ म्हणत, आणि पोर्तुगीज ‘कलाफाते’वरून आलेला हा शब्द यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशात नोंदलेला आहे. ट्रेलर करणारांत जे शहाणे निघाले त्यांनी या दर्यावर्दी मंडळींकडूनच हिकमती उचलल्या: छतावर ओल्या सफेद्यात किंवा रंगात शिडाचे कापड ताणून बसविणे, सांध्याच्या दोन्ही अंगांस रंगाचे हात आधीच देऊन मग ती जुळविणे, आणि भिंतीचा तक्ता तळावर न टेकविता तळाच्या कडेवरून इंच-दीड इंच खाली उतरू देणे, म्हणजे पागोळी सांध्याला न शिवता जमिनीवर पडे. ही शेवटची युक्ती मला सर्वांत चतुर वाटते. तीत एक दमडीही अधिक लागत नाही. हॉली बोलस यांनी १९३४ साली विमानाच्या धर्तीवर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून वेगळी वाट काढली. लिंडबर्गच्या विमानाच्या बांधणीवर देखरेख केलेल्या या गृहस्थास पत्र्यावर पत्रा चढविण्याची विद्या घरचीच होती. तथापि परसातील सुताराला ती परवडणारी नव्हती, आणि १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने दोघांपुरत्या थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरचा आराखडा छापला, तेव्हाही घरोघरचे हात लाकडाकडेच वळले.

हलत्या सांध्याला हलणारा भराव हवा, ही तजवीज शेवटी रसायनशाळांतून आली. गाडीचे पाणी गोठू नये यासाठी औषध शोधता शोधता जोसेफ पॅट्रिक यांच्या हाती १९२० नंतरच्या दशकात एक असह्य दुर्गंधी रबरासारखा पदार्थ लागला होता. त्याच्याच द्रव रूपाने महायुद्धात विमानांच्या इंधनटाक्यांचे सांधे बंद झाले. १९३७ साली निघालेल्या ब्युटिल रबराच्या चिकट पट्ट्या पुढे ट्रेलरच्या कडांखाली बसू लागल्या. त्या सुकत नाहीत, स्क्रूच्या भोवती दाबून धरतात, आणि भिंत हलली की तिच्याबरोबर ताणल्या जातात.

त्या पट्ट्यांपूर्वीच्या गाड्या आजही हौशी लोक दुरुस्तीला काढतात. भिंतीखालची पट्टी उचकटली की आत पुष्कळदा लाकूड उरलेलेच नसते. तपकिरी भुगा हाताला लागतो, आणि त्या भुग्याच्या मधोमध, ज्या फळीला धरून राहण्यासाठी ती भरली होती तिच्या साऱ्या रेषा अंगावर उमटवून घेतलेली, दगडासारखी टणक झालेली लांबीची कांडी तेवढी शाबूत सापडते.