माळ कोठे तुटेल?

वस्तूचे अंतरंग जाणावयाचे तर ती फोडून पाहावी, हा माणसाचा जुना स्वभाव आहे. परंतु तुकड्यांवरून मूळ वस्तू ओळखणे हे फोडण्याहून कितीतरी अवघड. प्रथिनांच्या अभ्यासाला हा अनुभव पदोपदी आला.

प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांच्या मण्यांची माळ. तिचा लहानसा भाग म्हणजे पेप्टाइड. केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनमधील ५१ मण्यांचा क्रम रासायनिक उपायांनी लावला, तो अनेक वर्षांच्या परिश्रमांनंतर १९५५ मध्ये पूर्ण झाला. लवकरच अमेरिकेत क्लाउस बीमान यांनी निराळा मार्ग दाखविला. द्रव्यमान-वर्णपटमापकात पेप्टाइड फोडावे आणि तुकड्यांची वजने मोजावीत. लागोपाठच्या दोन तुकड्यांत ५७ चा फरक आला, तर मधला मणी ग्लायसीनचा. ७१ चा आला, तर ॲलॅनीनचा!

१९८४ मध्ये रोपस्टॉर्फ आणि फोलमन यांनी या तुकड्यांना अक्षरांची नावे दिली. १९९४ मध्ये येट्स व त्यांचे सहकारी यांनी संगणकाकरवी ज्ञात प्रथिनांच्या यादीशी वर्णपट ताडून पाहण्याची रीत घातली. मात्र तीत एक उणीव होती. तुकडे कोणत्या वजनाचे पडतील हे संगणक सांगे; ते किती पडतील हे त्याला ठाऊक नसे. म्हणून मुख्य रेषांची उंची सरसकट सारखीच धरली जाई. प्रत्यक्षात एक रेषा उत्तुंग असते, तर शेजारची दिसतही नाही. साक्षीदारांची नावे टिपावीत आणि साक्ष मात्र ऐकू नये, असाच हा प्रकार! अशाने भलतेच पेप्टाइड खरे ठरण्याचा धोका राही.

या असमानतेला कारण आहे. पेप्टाइडवर बसलेला प्रोटॉन माळेवरून फिरतो, आणि जेथे तो थांबतो तेथील बंध दुबळा होतो. आर्जिनीन त्याला घट्ट धरून ठेवते. मग माळ सहजी तुटत नाही. प्रोलीनच्या अलीकडचा बंध मात्र विशेष सहज तुटतो. अशा नियमांवरून झोंगची झांग यांनी २००४ मध्ये संपूर्ण वर्णपटाचे गणिती भाकीत मांडले.

२०१९ मध्ये म्युनिक येथील संशोधकांनी 'प्रोसिट' नावाची संगणकीय रचना प्रसिद्ध केली. सुमारे ५,५०,००० पेप्टाइडांचे वर्णपट अभ्यासून ती रेषांची उंची अचूकपणे वर्तविते. तथापि, बंध का तुटला असे विचारल्यास तिच्याजवळ उत्तर नाही. ते उत्तर त्या भटक्या प्रोटॉनच्या शोधातच आहे. भाकीत खरे ठरले म्हणून कारणाचा शोध थांबवू नये, एवढे तरी या इतिहासाने शिकवावे.