तळटीप : चार्नॉकपूर्वीचा हुगळीकाठ

‘कोलकात्याचा इतिहास १६९० पासून’ : मूळ लेखकाचे हे विधान मर्यादित अर्थानेच घ्यावे. ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नॉक २४ ऑगस्ट १६९० रोजी हुगळीकाठच्या सुतानुटी गावी उतरला, यात वाद नाही. परंतु २००३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीच्या अहवालाच्या आधारे त्याला शहराचा संस्थापक मानायला नकार दिला. उत्खननांचा पुरावा तर कितीतरी मागे जातो. कलकत्ता विद्यापीठाच्या आशुतोष संग्रहालयाने १९५६ पासून विद्याधरीकाठच्या चंद्रकेतुगडाचे उत्खनन केले. तिथे प्राचीन काळातली काळी झिलईदार खापरे निघाली. केसांत शस्त्रांच्या आकाराचे आकडे खोवलेल्या स्त्रियांच्या मृण्मूर्तीही या स्थळाच्याच. यावर आक्षेप असा, की चंद्रकेतुगड शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर दूर आहे आणि १७८३ मध्ये कालीघाटला सापडलेली गुप्तकालीन नाणी कुठूनही आलेली असू शकतात. आक्षेप रास्त आहे. नाणी हातोहात फिरतात. पण दमदमच्या क्लाइव्ह हाउसच्या टेकाडात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला मिळालेली प्राचीन फुटकी खापरे कोणी व्यापारासाठी वाहून आणत नाही. ती वस्तीचीच खूण होय. यातून प्राचीन शहर सिद्ध होत नाही. चार्नॉक ओसाड दलदलीत नव्हे, तर जुन्या नांदत्या नदीप्रदेशात उतरला, एवढे मात्र निश्चित होते.