दामाजीपंत आणि विठू महार: न दिसणाऱ्या देवावरचा भरवसा म्हणजे नेमकं काय?

'देव कुठल्या रूपात धावून येईल, सांगता येत नाही,' असं आपण सहज म्हणतो. महाराष्ट्रात या भावनेला ज्या कथांचा आधार आहे, त्यातली एक आहे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. शेकडो वर्षं कीर्तनांतून सांगितल्या गेलेल्या या कथेत संकटातल्या श्रद्धेचा एक वेगळा अर्थ सापडतो.

दामाजीपंत कोण होते?

मंगळवेढा आज सोलापूर जिल्ह्यात आहे. पंढरपूर इथून जवळच. १५व्या शतकात हा भाग बिदरच्या बहमनी सुलतानांच्या ताब्यात होता. दामाजीपंत हे त्यांचे मंगळवेढ्यातले अधिकारी आणि विठ्ठलाचे भक्त. सरकारी धान्याची कोठारं त्यांच्या हाती होती.

कथा काय सांगते?

भीषण दुष्काळ पडला. लोक अन्नावाचून मरू लागले. कोठारं भरलेली होती, पण धान्य बादशहाचं होतं. दामाजीपंतांनी परवानगीची वाट न पाहता कोठारं उघडली आणि धान्य वाटून टाकलं. चुगली बिदरला पोहोचली आणि त्यांना पकडून आणण्याचा हुकूम निघाला.

बिदरला नेलं जात असताना वाटेत त्यांनी पंढरपूरला विठ्ठलाचं दर्शन घेतलं. इकडे बादशहाच्या दरबारात हातात काठी, खांद्यावर घोंगडी असा एक माणूस हजर झाला. 'दामाजीपंतांचा विठू महार' अशी ओळख सांगून त्याने धान्याची पूर्ण किंमत चुकती केली आणि पावती घेतली. ती पावती दामाजीपंतांना आपल्या पोथीत सापडली. बिदरला शिक्षेऐवजी सन्मान झाला, तेव्हा विठू कोण होता हे त्यांना उमगलं. पुढे त्यांनी चाकरी सोडली, असं कथा सांगते.

ही कथा इतिहास आहे का?

ही संतचरित्रातली कथा आहे. तिचं सर्वाधिक परिचित रूप महिपतींच्या 'भक्तविजय' या १७६२ सालच्या ग्रंथात येतं, म्हणजे दामाजीपंतांच्या काळानंतर सुमारे ३०० वर्षांनी. त्यामुळे दरबारातला प्रसंग ऐतिहासिक पुरावा म्हणून वाचता येत नाही. पण लोकांनी श्रद्धेचा अर्थ कसा लावला, हे त्यातून नक्की कळतं.

इथे भरवसा कशाला म्हटलंय?

कथेचा क्रम नीट पाहा. आधी देव आला आणि मग कोठारं उघडली, असं घडत नाही. दामाजीपंत आधी कोठारं उघडतात. तेव्हा त्यांच्यासमोर फक्त उपाशी माणसं आणि होऊ शकणारी शिक्षा असते. मदत त्यांच्या नकळत, दुसऱ्याच गावात सुरू असते. विठूला बादशहा पाहतो, भक्ताला फक्त पावती मिळते.

म्हणजे इथला भरवसा 'देव बघून घेईल' म्हणत स्वस्थ बसण्याचा नाही. आपल्या हातातलं काम करायचं आणि जे हाताबाहेर आहे त्याच्या भीतीने ते थांबवायचं नाही, असा तो आहे.

देव महाराच्याच रूपात का?

कथेचा हा भाग सर्वांत बोचरा आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचं रूप इथे देव घेतो. संत चोखामेळा याच समाजातले. मंगळवेढ्यातच गावकुसाचं काम सुरू असताना भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरला मंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेर आहे.

विठू महाराची कथा लोक भक्तिभावाने ऐकत राहिले, पण त्याच विठ्ठलाच्या मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. त्यासाठी साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केलं. १० मे रोजी ते सुटलं आणि मंदिर खुलं होण्याचा मार्ग मोकळा झाला.

संकटात देव कुणाच्याही रूपात येतो, असं मानणाऱ्यांना ही कथा म्हणूनच एक प्रश्न विचारते: तो ज्या माणसाच्या रूपात येतो, त्या माणसाला आपण दारात उभं करतो की आत घेतो?