जवळून पाहायचे ऑपेरा

ऑपेरा पडद्यावर पाहणे म्हणजे माणसाऐवजी त्याचा फोटो पाहणे, असे मानणारे रसिक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे उथळ नाही. ध्वनिवर्धकाशिवाय गाणारा गळा पूर्ण वाद्यवृंदाला पार करून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, हा या कलेचा प्राण. मायक्रोफोन लहान-मोठ्या सगळ्या गळ्यांना एका मापात आणतो. हे मला पूर्ण मान्य आहे. ध्वनिचित्रफितीवरून कोणाच्याही आवाजाचा आवाका ठरवू नये.

यावरून घरी पाहिलेला ऑपेरा म्हणजे निव्वळ नाइलाज, असा निष्कर्ष मात्र काढला जातो. ‘मिलानला कोण जाणार?’ म्हणत घरच्या प्रेक्षकाची बाजू घेणारेही खरे तर तोच निष्कर्ष स्वीकारतात. निदान इटलीच्या छोट्या, एकांकी म्हणाव्यात अशा ऑपेरांपुरता तो चुकीचा आहे, कारण जवळून पाहण्याची मागणी त्यांच्या घडणीतच आहे.

पुच्चिनीचा ‘जान्नी स्किक्की’ घ्या. १२९९ सालचे फ्लॉरेन्स. बुओसो दोनाती मेला आहे आणि नातेवाइकांना त्याचे मृत्युपत्र बदलून हवे आहे. स्किक्की मृताच्या अंथरुणात शिरून नोटरीला नवे मृत्युपत्र सांगतो आणि खेचर, घर, गिरण्या स्वतःच्याच नावावर करतो. अशा कटात सामील होणाऱ्याचा हात तोडण्याचा कायदा आहे, म्हणून नोटरीसमोर कोणाला ब्रही काढता येत नाही. प्रसंगाचा सगळा रस या गिळलेल्या संतापात आहे आणि तो चेहऱ्यांवर उमटतो. न्यूयॉर्कच्या आजच्या मेट्रोपॉलिटनमध्ये सुमारे ३,८०० आसने आहेत. तिथे वरच्या सज्जातून हे चेहरे दिसत नाहीत, शरीरांची हालचाल तेवढी दिसते.

मास्कान्यीच्या ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’त (१८९०) तुरिद्दू अल्फिओला मिठी मारतो आणि त्याचा कान चावतो. सिसिलीच्या रीतीप्रमाणे हे प्राणघातक द्वंद्वाचे आव्हान. कथेची कळ या क्षणात आहे आणि तो क्षण एका कानाएवढा लहान आहे. पेर्गोलेझीच्या ‘ला सेर्वा पाद्रोना’त (१७३३) पात्रे तीनच; त्यातला नोकर व्हेस्पोने मुका. ज्याला गायलाच द्यायचे नाही त्याला रंगमंचावर आणले, ते कोणीतरी त्याच्याकडे नीट पाहावे म्हणूनच ना?

‘मैफल समोर बसूनच ऐकावी’ हा आपल्या बैठकीचा नियम इथे नेहमी पुढे केला जातो. ख्यालाला तो शोभतो. गवई श्रोत्यांची दाद पाहून बढत करतो, श्रोता बदलला की गाणे बदलते. ऑपेराचा स्वर मात्र संगीतकाराने लिहून ठेवलेला असतो आणि लय संचालकाच्या हातात असते. टाळ्यांनी गायकाला बळ मिळते, पण पुढचा स्वर बदलत नाही. एका कलेचा नियम दुसरीवर असा सरसकट लादता येणार नाही.

अंधारात, निःशब्द, एकाग्र बसलेला प्रेक्षक हीच मूळ परंपरा, हेही खरे नाही. अठराव्या शतकात इटलीच्या नाट्यगृहांतल्या खाजगी कक्षांत लोक जेवत, गप्पा मारत, पत्ते खेळत. ‘ला सेर्वा पाद्रोना’ तर पेर्गोलेझीच्याच एका गंभीर ऑपेराच्या अंकांमधल्या वेळात झाला होता. ज्या पावित्र्याचा दाखला आज दिला जातो ते बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातले आहे.

आणि शब्द? नाट्यगृहात रंगमंचावर भाषांतर दाखवण्याची सोय १९८३ मध्ये टोरोंटोत सुरू झाली. त्याआधी इटालियन न येणारा प्रेक्षक ‘जान्नी स्किक्की’चे कितीतरी विनोद गमावत असणार. उपशीर्षकांमुळे लक्ष विचलित होते म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तरी सगळ्या चित्रफिती सारख्या नाहीत. दिग्दर्शक झेफिरेल्लीने १९८२ मध्ये ‘काव्हालेरिया’चे काही चित्रीकरण सिसिलीतल्या व्हिझ्झिनी गावात केले. उन्हातले दगड आणि गल्ल्या सुंदर आहेत, पण आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलतात आणि वरचा स्वर लागताना गळ्यावर ताण दिसत नाही. गायनातला श्रमच नाहीसा होतो. म्हणून प्रत्यक्ष प्रयोगाचे चित्रीकरण मला अधिक प्रामाणिक वाटते. लेओन्काव्हाल्लोच्या ‘पाल्याच्ची’च्या बाबतीत तर मी पूर्वपक्षाला निम्मी बाजू देईन. त्यात रंगमंचावरचे प्रेक्षक नटाचा खरा संताप अभिनय समजून पाहत राहतात, आणि आपणही गर्दीत बसून तसेच पाहत असतो. एकट्याने पाहताना ही कोंडी सैल होते.

उलट टोकाला ‘इल त्रित्तिको’. ‘इल ताबार्रो’, ‘सुओर आंजेलिका’ आणि ‘जान्नी स्किक्की’ हे तिन्ही १९१८ मध्ये न्यूयॉर्कला एकाच रात्री सादर झाले. ते एकत्रच व्हावेत अशी पुच्चिनीची इच्छा होती. नाट्यगृहांनी ती फारशी पाळली नाही. १९२० मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनने ‘सुओर आंजेलिका’ वगळला आणि पुच्चिनी दुखावला. आजही कितीदा तरी यातला एखादाच भाग दुसऱ्या कुठल्या ऑपेराला जोडून दाखवतात. तिन्हींची एकत्र चित्रमुद्रणे मात्र उपलब्ध आहेत. सेन नदीवरच्या बोटीतला खून, मठातला शोक आणि मग फ्लॉरेन्सचे हसू, हे एकाच संध्याकाळी, याच क्रमाने, दिवे मंद करून पाहा. मध्ये विश्रांती घ्या, पण क्रम मोडू नका.