बानूचा होकार

खंडोबा-बानूची कथा ज्यांनी जागरणातून ऐकली आहे, त्यांना तिचा कणा ठाऊक आहे. म्हाळसेशी सारीपाट खेळताना देव पण हरतो आणि बारा वर्षांचा वनवास पत्करून चंदनपुरीस येतो. धनगराघरी गडी म्हणून राहतो. रूप घेतो ते म्हाताऱ्याचे. काही कथनांत तर अंगाला खरूज फुटलेल्या म्हाताऱ्याचे. मेंढरे धुवायला नदीवर नेतो आणि खडकावर आपटून सगळी मारून टाकतो. बानू आक्रोश करते. तेव्हा गडी सांगतो, की लग्न करशील तर मेंढरे उठवतो. बानू 'हो' म्हणते, मेंढरे उठतात. (ही चंदनपुरी नाशिककडच्या मालेगावाजवळची. नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, खंडोबाची यात्रा भरते ते माळेगाव निराळे. मात्र कथा दोन्हीकडे तीच.)

प्रस्तुत लेखाचा विषय हा 'हो' आहे. ज्याने सर्वस्व नष्ट केले, तोच ते परत देण्याची किंमत मागतो आणि ती किंमत म्हणजे खुद्द मागणी घातलेली स्त्री. अशा उच्चाराला संमती म्हणावे काय, हा प्रश्न आजचा वाटतो; पण लोकसंहितेने तो दडवलेला नाही. वाघ्या देवाला सरळ कपटी म्हणतो आणि भाविक हसतात. देवाची वासना, त्याचे ढोंग, त्याची अरेरावी सारे गाण्यात उघडे असते. बानूविषयी कणव असते असेही नाही. पण व्यवहार झाला आहे, प्रणय नव्हे, एवढे श्रोत्याला कळत असते. देवाला कुरूप करून या कथेने एक महत्त्वाची गोष्ट साधली आहे. बानूला त्याच्यात मोह पडण्याजोगे काहीच उरत नाही, आणि म्हणून तिच्या होकाराचे कारण मेंढरांखेरीज दुसरे असू शकत नाही.

हे गाणारे कोण, हेही पाहिले पाहिजे. वाघ्याशेजारी घोळ वाजवत उभी असते ती मुरळी. नवसापोटी आईबापांनी लहानपणी देवाला वाहिलेली मुलगी. भंडारा उधळून तिचे लग्न खंडोबाशी लागलेले असे. म्हणजे बानूचा 'हो' जी स्त्री गात होती, तिला स्वतःला 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता. बानूपाशी निदान सौदा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विठ्ठल रामजी शिंदे यांनी या प्रथेविरुद्ध मोहीम काढली. शिवराम जानबा कांबळे यांच्या 'सोमवंशीय मित्र' या १९०८ साली निघालेल्या पत्राने मुरळ्यांचा प्रश्न लावून धरला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. नांदेड आणि लातूर त्या वेळी निजामी राज्यात; तो कायदा इकडे लागू नव्हता. सुधारणेचा इतिहास पुण्या-मुंबईचा धरून लिहिला जातो, तेव्हा या अंतराची नोंद बहुधा राहून जाते. 'महाराष्ट्र देवदासी प्रथा (निर्मूलन) अधिनियम' आला तो २००५ चा.

या पार्श्वभूमीवर २०१४ साली 'झी मराठी' वाहिनीवर 'जय मल्हार' सुरू झाली आणि २०१७ पर्यंत चालली. खंडोबाच्या भूमिकेत देवदत्त नागे, म्हाळसेच्या सुरभी हांडे, बानूच्या ईशा केसकर. नांदेड-लातूरकडे ही कथा परकी नाही. म्हाळसा परंपरेने नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक आणि बानू धनगराची. या दोन्ही समाजांची वस्ती या भागात मोठी. त्यामुळे थोरली खरी की धाकटी, हा वाद इथे निव्वळ करमणुकीचा कधीच नव्हता. मालिकेच्या काळात मात्र वादाचे स्वरूप पालटलेले ऐकू येई. बानूला फसवले असे कुणी म्हणे. ती मुळातच त्याची भक्त होती, मग फसवणूक कसली, असे दुसरे कुणी. आणि बहुतेक बायकांच्या बैठकीत वाद ज्या वाक्याशी येऊन थांबे ते असे : असा देव दारात उभा राहिला तर नाही कोण म्हणेल?

हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कमावलेल्या देहाचा एक देखणा पुरुष रोज रात्री घरात येतो आणि घरातल्या स्त्रिया त्याच्याकडे उघडपणे, भक्तीच्या निमित्ताने का होईना, पाहतात. मराठी घरात ही मोकळीक थोडी थोडकी नव्हे आणि तिच्यावर नाक मुरडण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. आक्षेप आहे तो पुढच्या पायरीवर. प्रेक्षक स्त्रीला नट आवडतो. त्या आवडीचे रूपांतर नकळत बानूच्या होकारात होते. वेष पालटला तरी चेहरा ओळखीचा असतो. आपण ज्याला ओळखतो, त्याला बानूनेही ओळखले असणार असे वाटू लागते. लोककथेतल्या म्हाताऱ्याने जी जागा मोकळी ठेवली होती, ती नटाच्या रूपाने भरून काढली.

या कामी पुराणीकरण आधीच हाताशी होते. बानू म्हणजे पूर्वीची जयाद्री, देवाशी तिचे नाते मागल्या जन्मातच ठरलेले, असा एक धागा परंपरेत आहे आणि मालिकेने तो धरला. मागल्या जन्मी दिलेली संमती फार सोयीची असते. ती पुन्हा विचारावी लागत नाही आणि देणारीला आठवत नसली तरी चालते.

मराठी रंगभूमीने अशी सोय फार पूर्वी एकदा केली होती. आदिपर्वात रैवतकाच्या उत्सवात अर्जुनाला सुभद्रा दिसते. कृष्ण त्याला सांगतो, की स्वयंवराचा भरवसा नाही, कारण मन कुठे वळेल ते कळत नाही. तू हरण कर. मग दूत धाडून अनुज्ञा मागवली जाते, ती युधिष्ठिराची. सुभद्रेला कोणी विचारत नाही. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' लिहिले तेव्हा त्यांना हे रुचणे शक्य नव्हते. त्यांची सुभद्रा आधीपासून अर्जुनावर अनुरक्त आहे आणि तिचे दुःख पदापदांतून ऐकू येते. तरीही घटोत्कच तिला झोपेतच उचलून नेतो आणि पुढे ती ज्या यतीची सेवा करते, तो कोण हे तिला सांगितले जात नाही. तिचे मन सर्वांना माहीत आहे, म्हणून तिला विचारायचे कारण उरत नाही. दोनच वर्षांनी, १८८४ साली, मुंबईत रखमाबाईंवर नांदायला येण्याचा दावा दाखल झाला, हा योगायोग असेल. पण एका स्त्रीचे 'मला मान्य नाही' हे शब्द न्यायालयात कसे ऐकले गेले, ते सौभद्राच्या प्रेक्षकाच्याही कानावर आले असणार.

एक फरक मात्र विसरता येत नाही. सौभद्रात प्रेक्षकांची प्रीती जिच्यावर जडली ती सुभद्रा होती : भाऊराव कोल्हटकरांची, पुढे बालगंधर्वांची. रूप आणि गळा दोन्ही तिच्याकडे होते. कृष्णाची योजना पाहून हसणारा प्रेक्षक सुभद्रेच्या पदाला 'वन्स मोअर' देई, म्हणजे तिचे म्हणणे पुन्हा ऐकू मागे. 'जय मल्हार'मध्ये रूपाचे वजन दुसऱ्या पारड्यात गेले. आता मागणी घालणाराच मोहक आहे.

भरताचा रसविचार हा मुळात प्रयोगाचा विचार आहे, हे नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी आग्रहाने मांडले होते. तो धागा इथे उपयोगी पडतो. साधारणीकरणात नट आणि पात्र या दोहोंचे विशिष्टत्व गळून पडावे अशी अपेक्षा असते. तीन वर्षे रोज दिसणाऱ्या चेहऱ्याच्या बाबतीत ते गळत नाही, उलट दाट होते. आणि रती हा स्थायीभाव नायिकेचा न राहता सामाजिकाचा होतो. भीती हा बानूचा भाव असू शकतो, ही शक्यताच मग प्रयोगातून निघून जाते. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ कोणी लावायचा, हा प्रश्न केवळ रसशास्त्राचा नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली घडलेल्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली अंगावर जखमा नाहीत यावरून प्रतिकार नव्हता, म्हणून संमती होती, असे अनुमान काढले. त्यावर देशभर चळवळ उठली आणि १९८३ साली कायदा बदलला. पाहणाऱ्याने काढलेले अनुमान हीच पाहिलेल्या स्त्रीची उक्ती, ही पद्धत तिथेही होती.

जेजुरीला गडावर देवाशेजारी म्हाळसा आहे. बानूचे देऊळ अर्ध्या वाटेवर, पायऱ्यांच्या कडेला. वर जाणारे भाविक तिथे भंडारा वाहतात आणि पुढे चढू लागतात. माळेगावच्या यात्रेत, मार्गशीर्षाच्या अखेरीस, जागरण ऐकायला बसले तर कथा त्या देवळापर्यंत येते, म्हाळसेचा रुसवा निघतो, देवाची फजिती होते, हशा पिकतो. बानू मेंढरे मोजून घेते.